दुसऱ्यांची मुलं

४ जून

बाळ,

तुझं पत्र काल दुपारी आलं. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं म्हणून मी ते सरळ तुझ्या आईकडे दिलं. तिनं उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात परत ठेवलं. "तुमचं आहे. वाचा," म्हणाली आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. मशीन मात्र बराच वेळ चाललं नाही.

माझ्याकडून समजण्यात चूक नको, म्हणून तू काय विचारलंयस ते इथे उतरवतो. तुझी लेक मुंगी आठ वर्षांची झाली. तिनं हट्टानं व्हायोलिन मागून घेतलं. तिथल्या बाईंकडे दोन महिने शिकायला गेली, आणि आता तासाच्या दिवशी तिचं पोट दुखतं. "तुम्ही दुसऱ्यांच्या मुलांशी काय करायचात, ते लिहून पाठवा. बाकी काही लिहू नका."

बरं. बाकी काही लिहिणार नाही.

पहिली गोष्ट, काही दिवस तास बंद कर. व्हायोलिनची पेटी अशा ठिकाणी ठेव, की तिला येता-जाता दिसेल. मग एक दिवस सहज उघड. तिला सात मिनिटं वाजवू दे, काय हवं ते, कसंही. घड्याळ तू बघायचं, तिनं नाही. सात मिनिटं झाली की म्हणायचं, बास, आता गुरुवारी. ती म्हणेल, अजून थोडं. तरी द्यायचं नाही. पेटी बंद.

हे मला दंतवैद्याच्या जुळ्या मुलींनी शिकवलं. पहिल्या दिवशी दोघी माझ्यासमोर अशा बसल्या होत्या, की जणू मी त्यांचा दातच काढणार. म्हटलं, यांना आज शिकवण्यात अर्थ नाही. पेटी उघडली, राळेचा खडा हुंगायला दिला, व्हायोलिनच्या गजावरून कसा फिरवायचा ते दाखवलं आणि पेटी मिटली. "झाला तास," म्हटलं. धाकटी म्हणाली, "पण आम्ही वाजवलं कुठे?" म्हटलं, "ते बुधवारी." बुधवारी दोघी अर्धा तास आधीच येऊन दारात बसल्या.

मुलाला भूक असताना ताट काढून घ्यायचं, एवढीच युक्ती. पोट भरल्यावर वाढत राहिलं, की मुलं त्या ताटाचा रागराग करतात. बहुतेक शिकवणारे हीच चूक करतात.

जमलं तर कळव. नाही जमलं तरी कळव.

बाबा
(हा शब्द लिहावा की नाही, ठरत नव्हतं. तुझी आई म्हणाली, लिहा.)


२२ जून

बाळ,

"सात मिनिटांचं जमलं. पुढचं?" एवढंच लिहिलंयस, पण कार्डावर. म्हणजे पोस्टमननं वाचलं असणार. त्यानं मला विचारलं, "सर, पुन्हा शिकवण्या सुरू का?" दोन वर्षं झाली बंद करून. हो म्हणून टाकलं.

पुढचं असं. एकच ओळ दहा वेळा वाजव म्हटलं, की मुलाचा चेहरा पडतो. म्हणून सात बटणं घ्यायची, रंगीत, वेगवेगळ्या आकारांची. ती उजव्या खिशात. ओळ नीट वाजली की एक बटण डाव्या खिशात. सातही डावीकडे गेली की त्या दिवसाचं काम संपलं, मग बाहेर खेळायला जा.

आधी मी यात एक वाईट नियम ठेवला होता. चूक झाली, की सगळी बटणं परत उजवीकडे. तो मोडला भिंगरीनं. तुला भिंगरी आठवत असेल, वाजवता वाजवता स्वतःभोवती फिरायची ती. सहाव्या बटणावर चुकली. मी हात पुढे केला, तर तिनं खिसा घट्ट धरला. "ही माझी आहेत. मी वाजवून मिळवलीत. आता चुकले म्हणून आधीचं बरोबर वाजवलेलं खोटं होतं का?" आठ वर्षांची पोर. मी हात मागे घेतला. त्या दिवसापासून मिळालेलं बटण परत घेतलं नाही.

दुसरा खेळ तपासनीसाचा. मी वाजवायचं आणि मुद्दाम चुकायचं, मुलानं चूक पकडायची. हातात एक वाटी-चमचा द्यायचा. चूक सापडली की वाजवायची. मोठ्या माणसाची चूक पकडण्यात मुलांना जो आनंद होतो, त्याला तोड नाही. आणि कान तयार होतो तो वेगळाच. फक्त चुका हुशारीनं करायच्या. ढोबळ चुकलं, की मुलं ओळखतात आणि त्यांना राग येतो.

बटणं तुझ्या आईच्या डब्यातली होती. तू एकदा मला विचारलं होतंस, "मला का नाही बटणं?" मी म्हणालो होतो, "तुला कशाला लागतात? तू माझी मुलगी आहेस."

हे "बाकी काही" मध्ये येतं, कळतंय मला. पण खोडलं तर कागद घाण दिसेल, म्हणून राहू देतो.

बाबा


१० जुलै

बाळ,

मुंगीनं वाटी इतकी वाजवली, की जावयांनी ती लपवून ठेवली, हे वाचून तुझी आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. या वेळी पत्र दोन पानी होतं. दुसऱ्या पानावर फक्त एकच ओळ होती, तरी दोन पानीच.

आता माझी सगळ्यांत आवडती गोष्ट सांगतो. ही सगळी मुलं मोठी झाली, कुणी दुकानात आहे, कुणी इस्पितळात, रस्त्यात भेटली की धडे कुणाला आठवत नाहीत, पण हे आठवतं. मी त्यांना सांगायचो, पुढच्या तासाला येताना एक आवाज पकडून आणा. गंजलेलं दार, बसचा ब्रेक, नळाचं थेंब थेंब पाणी, आजोबांचं घोरणं, काहीही. मग तो व्हायोलिनवर काढून दाखवायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं.

काय काय यायचं म्हणून सांगू. एका मुलानं अख्खा आठवडा घालवून मांजर फळीवरून उडी मारते तो आवाज काढला. म्हणजे उडीचा आवाज नाहीच, फक्त खाली टेकल्याचा, अगदी मऊ एक ठिपका. बाहेरच्या खोलीत दहा मुलं श्वास रोखून बसली होती. गज इतका हलका टेकवायला मी त्याला वर्षभर शिकवलं असतं, तरी तो शिकला नसता. मांजरीनं आठवड्यात शिकवलं.

चार ते सात ती खोली हसण्यानं भरलेली असायची. भिंतीवर मुलांनी चिकटवलेले कागद, दारात बुटांची रांग, राळेची पांढरी भुकटी सगळीकडे. आता तिथं आई कापड बेतते. पण कपाट सरकवलं, की अजून मागून एखादं बटण निघतं. मग ते हातात धरून मी उगाच उभा राहतो. कुणाचं असेल, आठवायला बघतो.

तू स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकायचीस, तेही आठवतं. तेराव्या वर्षी तू व्हायोलिन ठेवून दिलंस, नाहीतर मोठी झाल्यावर हे खेळ तूच मुलांना शिकवले असतेस. पण जे झालं ते झालं.

मुंगीला सांग, आवाज पकडून आण. कुठला आणला ते कळव.

बाबा


१३ जुलै

बाळ,

आधीचं पत्र टपालपेटीत टाकून आलो आणि काय लिहिलं ते तुझ्या आईला सांगितलं. तिनं मशीन थांबवलं.

"ठेवून दिलंस, असं लिहिलंत?"

"हो."

"तिनं ठेवून दिलं?"

मी टेबलावरची पाकिटं सरळ करायला लागलो.

"अहो, मी तिथं तिसऱ्या रांगेत बसले होते," ती म्हणाली. "आज बसा आणि दुसरं पत्र लिहा. आणि ते मी वाचल्याशिवाय पेटीत पडणार नाही."

ती समोर बसली आहे. गणवेशाच्या गुंड्या लावते आहे आणि माझ्याकडे बघत नाही. तू बाकी काही लिहू नका म्हणाली होतीस. आज तुझं ऐकत नाही, तिचं ऐकतो.

दुसऱ्यांच्या मुलांसाठी बटणं होती, वाटी होती, पकडून आणलेले आवाज होते. तुझ्यासाठी सकाळचे दोन तास होते, शाळेच्या आधी. मी तुझ्याकडे पाठ करून बसायचो. कान उघडे, तोंड बंद. चूक झाली की बोट वर करायचो. एवढंच. तू थांबायचीस, परत पहिल्यापासून सुरू करायचीस. मी तुझ्यावर कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही, याचा मला अभिमान होता. लोकांना सांगायचो. तुझी आई एकदा म्हणाली होती, "त्यापेक्षा ओरडा तरी." मला ते कळलं नव्हतं.

मग शाळेच्या सभागृहातला तो वार्षिक कार्यक्रम. सगळ्या मुलांचं वाजवून झालं, शेवटी तू. आठ महिने तयार केलेली रचना. पाहुणे म्हणून दोन मोठे वादक बोलावले होते. तू स्टेजवर आलीस, व्हायोलिन खांद्याला लावलंस, एकदा बाजूला उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलंस आणि भलतंच काहीतरी वाजवायला लागलीस. कुणाची नाही, कुठल्या पुस्तकातली नाही, अशी एक धून. मला वाटलं, ही मला खिजवते आहे, चारचौघांत माझी शोभा करते आहे.

मी स्टेजवर आलो. तुझ्या हातातला गज काढून घेतला. लोकांकडे वळून म्हणालो, "माफ करा, पोरखेळ आहे." आणि भिंगरीला बोलावून ती रचना तिला वाजवायला सांगितली. तुझ्याच व्हायोलिनवर. तिचं बाहेर पेटीत होतं, आणायला वेळ लागला असता.

तू स्टेजच्या कडेला उभी राहून शेवटपर्यंत ऐकलंस. भिंगरी चुकली तेव्हा लोकांनी सांभाळून घेतलं, टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी आल्यावर तू व्हायोलिन माझ्या टेबलावर ठेवलंस. म्हणजे "ठेवून दिलंस" हे मी अगदीच खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं.

ही गोष्ट मी एकोणतीस वर्षं स्वतःला वेगळी सांगत आलो. दुसऱ्यांची मुलं चुकली, की ती दुसऱ्यांची मुलं चुकायची. तू चुकलीस, की मी चुकलोय असं वाटायचं. यात तुझा काय दोष.

आईनं वाचलं. म्हणाली, "आता टाका."

बाबा


२ सप्टेंबर

बाळ,

सात आठवडे झाले. तू रविवारी आईला फोन करतेस, म्हणजे सगळे बरे आहात हे कळतं. माझ्याविषयी काही विचारतेस का, हे मी तिला विचारत नाही आणि ती सांगत नाही.

मागचं पत्र नको होतं तर फाडून टाक. पण मुंगीचं अडायला नको, म्हणून पुढची युक्ती लिहितो.

लोकांसमोर वाजवायची भीती वाटत असेल, तर आधी रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवू दे. चार खुर्च्या मांडायच्या. दुसऱ्या दिवशी खुर्च्यांवर कोट आणि टोप्या ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी एका खुर्चीत माणूस बसवायचा, ज्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही असा. जावई चालतील असं आई म्हणते, माझं काही म्हणणं नाही. त्या माणसानं फक्त बसायचं. वा वा करायचं नाही, मान डोलवायची नाही. वाजवून झालं की विचारायचं, "यातलं तुला कुठलं आवडलं?" आणि मुलगी जे सांगेल, ते पुन्हा वाजवायला सांगायचं. बस.

आपलं आपल्याला काय आवडलं, हे मुलांना कुणी विचारत नाही. एवढं एक विचारलं, तरी पुष्कळ होतं.

बाबा


२१ सप्टेंबर

प्रिय मुंगी,

तुझं पेन्सिलनं लिहिलेलं पत्र मिळालं. शुद्धलेखन आईनं तपासलेलं नाही, हे लगेच कळलं, त्यामुळे हे पत्र आईच्या नकळत आलंय हेही कळलं. पाकिटावर तिकीट उलटं चिकटवलंयस, तरी पोचलं.

मी तुझा आजोबा. मी तुला फक्त फोटोत पाहिलंय. तुझी आजी तुमच्याकडून आली, की सगळं साग्रसंगीत सांगते. तुला कोबी आवडत नाही आणि तू झोपेत पाय हलवतेस, एवढं मला ठाऊक आहे.

तू लिहितेस, "आई मला शिकवते पण सोता वाजवत नाही. ती म्हणते मला येत नाही. पण मी वाजवते तेव्हा तिची बोटं टेबलावर हलतात आणि ती बरोबर बोटं असतात. तिला कसं शिकवायचं?"

माझ्याकडे खूप मुलं आली, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी दोन दिवस विचार केला. आपल्याला एक अवघड विद्यार्थिनी मिळाली आहे. वय बेचाळीस. एकदा तिला एका शिक्षकानं फार वाईट शिकवलं, म्हणून ती घाबरलेली आहे. अशा विद्यार्थिनीशी कसं वागायचं, ते सांगतो. नीट वाच.

एक, तिला कधीही "वाजव ना" म्हणायचं नाही. मागे लागलं, की अशी माणसं दार लावून घेतात.

मग असं कर. तिच्यासमोर वाजव आणि थोडंसं चूक. फार नाही. तिसरं बोट जिथे पडायला हवं, त्याच्या केसभर खाली ठेव. तिला राहवणार नाही. ती म्हणेल, वर घे. तू म्हण, वर म्हणजे किती? ती सांगेल. तू पुन्हा चूक. असं तीन-चार वेळा झालं, की ती "आण इकडे, दाखवते" म्हणून व्हायोलिन घेईल. घेतलं की अजिबात आनंद दाखवायचा नाहीस. खिडकीबाहेर बघत बसायचं. तिनं दोन सूर वाजवून परत दिलं, तर "बरं" म्हणायचं आणि घ्यायचं. "अजून" म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी परत.

आणि ती चुकली, तर तू ऐकलंच नाहीस.

घाई करू नकोस. महिना लागेल, कदाचित दोन. आणि हे पत्र लपवू नकोस. आईनं विचारलं तर दाखव. आपण तिला फसवत नाही आहोत, फक्त वाट बघतो आहोत.

तुझा आजोबा


१५ ऑक्टोबर

बाळ,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं, आईनं दोन वेळा, आणि मग आम्ही दोघं चहा प्यायलो.

मुंगीनं पत्र तुला तिसऱ्याच दिवशी दाखवलं, हे वाचून बरं वाटलं. आणि ते माहीत असूनही तू तिच्या हातून व्हायोलिन घेतलंस. "मला सगळं ठाऊक होतं, तरी तिसरं बोट खाली पडलेलं ऐकवेना," असं लिहिलंयस. एवढंसं, अर्ध्या मापाचं व्हायोलिन आणि त्यावर तू रोज संध्याकाळी वाजवतेस. जावई त्या वेळी फिरायला जातात, हे त्यांचं शहाणपण.

त्या कार्यक्रमाच्या पत्राबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, "तुमचं जुलैचं पत्र माझ्या खणात आहे." फाडलं नाहीस. त्यापलीकडे मी काही मागत नाही.

आणि शेवटी विचारलंयस, "मी त्या दिवशी वाजवलेली धून तुम्हाला आठवते का?"

आठवते असं लिहायला हात शिवशिवत होता. सुरुवातीचे चार सूर अंदाजानं लिहून पाठवले असते, तर तू ओळखलं असतंस. मग भिंगरीला गाठलं. ती आता चष्म्याच्या दुकानात असते, स्टेजच्या कडेला ती तेव्हा उभी होती. तिला विचारलं. ती बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिली. म्हणाली, "सर, धून नाही आठवत. तिचं व्हायोलिन माझ्या हातात दिलंत, ते गरम होतं, तेवढं आठवतं." मग म्हणाली, "मी वाजवायला नको होतं. पण तुम्हाला नाही कोण म्हणणार?"

तेव्हा खरं ते लिहितो. नाही आठवत. आणि विसरलो म्हणून आठवत नाही, असंही नाही. मी ती ऐकलीच नव्हती. तू वाजवत होतीस तेव्हा मी, जी रचना वाजत नव्हती ती ऐकत होतो. आयुष्यभर कानाचं काम केलं, आणि घरातलं एवढं ऐकू आलं नाही.

म्हणून एक विनंती आहे. नाही म्हणालीस तरी मी वाईट वाटून घेणार नाही, म्हणजे घेईन, पण तुला कळवणार नाही. मला ती धून शिकवशील का? मी तिकडे येतो. शिकवायला नाही, शिकायला. मुंगीला काही सांगणार नाही, तुला काही सांगणार नाही. विद्यार्थ्याची माहिती देतो. वय एकाहत्तर, डाव्या हाताची करंगळी सकाळी वाकत नाही, सवयी खराब, पूर्वीचं शिक्षण विसरायला तयार.

बाबा


९ नोव्हेंबर

अगं,

सुखरूप पोचलो. स्टेशनवर जावई आले होते. व्हायोलिनची पेटी त्यांनी उचलायला घेतली, मी दिली नाही, मग बॅग दिली. तुझे गणवेश संपेपर्यंत तू येणार नाहीस, हे ऐकून मुंगी हिरमुसली. मी एकटाच आलो, ते तिला थोडं कमी पडलं.

तुझ्या लेकीनं दार उघडलं. कानाजवळचे केस पांढरे झालेत, ते तू कधी सांगितलं नव्हतंस. ती म्हणाली, "या." मी आत गेलो. पहिला दिवस आम्ही दोघं गाडीच्या वेळांवर आणि थंडीवर बोललो. जेवताना तिनं मला मीठ दिलं, मी तिला पाणी दिलं. रात्री झोपताना वाटलं, उगाच आलो.

काल संध्याकाळी पाच वाजता तिनं बैठकीतलं टेबल भिंतीला लावलं, मधोमध एक खुर्ची ठेवली आणि म्हणाली, "बसा. तास आहे तुमचा."

मी बसलो आणि पेटी उघडली. मुंगी कोपऱ्यात मांडी घालून बसली. तुझ्या लेकीनं त्या छोट्या व्हायोलिनवर पहिली ओळ वाजवली, आठ-नऊ सूर. मी वाजवली. तिसऱ्या सुराला घसरलो.

"परत," ती म्हणाली.

परत वाजवली. परत घसरलो.

"परत."

असं पाच-सहा वेळा झालं असेल. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. तो आवाज मी ओळखला. तो माझा होता. मी मान खाली घातली आणि सातव्यांदा गज उचलला, तेवढ्यात मुंगी म्हणाली, "आई, असं नाही शिकवायचं. आजोबा नवीन आहेत."

तुझी लेक खाली बसली, तिथेच फरशीवर, हातात ते एवढंसं व्हायोलिन घेऊन. आधी मला वाटलं हसते आहे. हसतच होती, पण मग ते नुसतं हसणं राहिलं नाही. मुंगी घाबरली. मी तिला म्हटलं, काही नाही, थोडं थांबू. आपण विद्यार्थी आहोत, आपण थांबायचं. आणि थांबलो. तू असतीस तर उठून तिच्याजवळ गेली असतीस. मला जायचं होतं, पण जायचा हक्क आहे की नाही, कळेना. खुर्चीतच बसून राहिलो.

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं. म्हणाली, "बरं. आधी फक्त ऐका. वाजवू नका." आणि तिनं ती धून वाजवली. पूर्ण. दीड मिनिटाची असेल. सुरुवातीला एक टकटक, चढावरून कुणी दमून येतंय अशी, एकेक सूर ओढून काढलेला. मग एकदम मोकळं होऊन सुटल्यासारखं. आणि शेवटी एक लांब, बारीक होत जाणारा सूर, थांबण्यापूर्वीचा.

मुंगीनं विचारलं, "हा कशाचा आवाज आहे?"

तुझी लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही ओळखा."

मी डोळे मिटले. खूप प्रयत्न केला. शेवटी म्हणालो, "नाही ओळखता येत."

"सायकल आहे," ती म्हणाली. "तुमची. बाहेरून घरी यायचात तेव्हा चढावर चेन टकटक करायची. वर आलात की पायडल मारायचं थांबवायचात, मग सरळ खाली. आणि फाटकाशी ब्रेक. मी नऊ वर्षांची असताना पकडला होता हा आवाज. दाराआडून ऐकलं होतं ना, की पकडून आणायचा असतो. मला कुणी आणायला सांगितलं नव्हतं. तरी आणला होता."

"मग तेव्हा का नाही वाजवलास?"

"तुम्ही म्हणाला असतात, हा वेळ सरावाला दिला असतास तर बरं झालं असतं."

म्हणालोच असतो. मग मला जे विचारायचं होतं ते धीर करून विचारलं. "सायकल ऐकली, की भीती वाटायची का तुला?"

खोटं तिला बोलता येत नाही, ते तुझ्याकडून आलंय. म्हणाली, "नंतर वाटायची. पण ही धून केली तेव्हा नाही. तेव्हा वाट बघत असायचे."

मुंगी म्हणाली, "मग आता आजोबांना शिकव ना. पण नीट."

तुझी लेक उठली, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. माझ्या डाव्या हाताचं तिसरं बोट धरून तिनं तारेवर थोडं वर सरकवलं. तिचा हात माझ्या हातावर होता. "इथे," म्हणाली. "घाई नको."

दुसरा तास उद्या आहे. तिसरा सूर अजून नीट लागत नाही, आणि करंगळीचं तर विचारूच नकोस. आणखी लिहिलं असतं, पण मुंगी मघापासून दारात उभी आहे, माझा सराव घ्यायला. सात मिनिटांच्या वर एक मिनिटही मिळणार नाही, म्हणते. तेव्हा इथे थांबतो. गणवेश संपले की निघ.

तुझा